दोन करडे

मंडळी, या हातात करड्या रंगाचा एक पुठ्ठा, त्या हातात दुसऱ्या करड्याचा. मागच्या रांगेतून दोन्ही सारखेच दिसत असणार. दिसू द्या.

हल्ली जुळे सोलापुरात फ्लॅट घेतलेला माणूस आम्हा रंगाऱ्यांकडे मोबाइलवर फोटो घेऊनच येतो. शेरविन-विल्यम्स या अमेरिकन रंग-कंपनीच्या दोन करड्या शेड त्यात हमखास: ‘अ‍ॅग्रीएबल ग्रे’ आणि ‘रिपोज ग्रे’. भिंत किती उजेड परत फेकते याचा एक अंक असतो, एलआरव्ही. काळ्याकुट्टाला शून्य धरतात, शुभ्राला शंभर. पहिल्याचा ६०, दुसऱ्याचा ५८. उजेडाच्या हिशेबात सख्खे भाऊच. फरक आहे तो पोटातल्या रंगाचा. पहिला आतून मातकट. दुसरा थंड, कधी किंचित जांभळट मारतो.

हे पोटातलं ओठावर येतं ते शेजारामुळे. पॅरिसला गोबेलँचा विणकामाचा सरकारी कारखाना होता. १८२४ साली शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाईचे प्रमुख झाले. तक्रार अशी, की काळा धागा फिका दिसतो. तपासलं तर काळ्यात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांमुळे तो तसा दिसत होता. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या लूमवाल्याला हे सांगायला पॅरिस कशाला हवं म्हणा!

आपल्या जुन्या घरांतला शेजार म्हणजे शाहाबादी फरशी. ती स्वतःच निळसर करडी. मी एका हॉलला तसला मातकट करडा दिला. दुसरा हात वाळला आणि घरातल्या काकू म्हणाल्या, “भिंत मळलीय हो, जरा पुसून द्या की.” पुसणार काय? पदरचे पैसे घालून थंड करडा मारला. उरलेला डबा आतल्या खोलीत गेला. तिथे क्रीम टाइल्स होत्या, छान बसला.

आणखी एक. तिकडचे, अमेरिकेतले लोक सांगतात, उत्तरेच्या खोलीत उजेड थंड, तिथे उबदार करडा द्या. त्यांच्याकडे दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला. सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारी तो उत्तरेकडेच असतो. मग कसला थंड उजेड? उलट रात्री ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढरी ट्यूब लावली, की थंड करडा पत्र्याच्या कपाटासारखा दिसतो.

म्हणून दोन फुटांचा पुठ्ठा घ्या, दोन हात मारा आणि फरशीला टेकवून उभा करा. जुन्या पिस्ता भिंतीवरच नमुना मारू नका, पिस्ता त्याला लाल करून दाखवेल. शेजारी पडदा धरा, चादर धरा. सकाळी बघा, दुपारी तीनला बघा, ट्यूब लावून बघा. शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावर हॉल ठरवणाऱ्यांना मी हात जोडतो.

बरं, आता या ट्यूब घालवा आणि ती खिडकी उघडा. दोन्ही पुठ्ठे मी इथे शाहाबादीवर ठेवतो. मागच्या रांगेतल्यांनी पुढे यावं आणि कुठला कुठला ते सांगावं.