फाट्यापासून दोन किलोमीटर

[माहितीपटाचं निवेदन. पहाट. एसटी स्टँड. गाडीच्या काचेवर दव.]

पावणेसातची गाडी. यवतमाळ जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. मागच्या सीटवरच्या दोघी बीएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा, रांगोळीची पुडी आणि लांब वही. पास घर ते कॉलेज एवढाच चालतो, म्हणून आजचं तिकीट वेगळं काढायचं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं भाडं झालं, तेव्हापासून ते परवडतं तरी.

बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी. बारावीच्या कुठल्याही शाखेतून प्रवेश मिळतो. म्हणूनच “काहून, दुसरीकडं नंबर नाई लागला का?” हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत भातासोबत वाढला जातो. तीन वर्षं, नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्याचीही सोय झाली. त्यात दर आठवड्याला दोन दिवस वर्ग नाही, फील्डवर्क, म्हणजे वस्तीत जाऊन प्रत्यक्ष काम. आज त्या दोनातला पहिला.

[फाटा. दोघी उतरतात. दोन्ही बाजूंना फुटलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी.]

इथून पोड दोन किलोमीटर. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. महाराष्ट्रातल्या तीन जमातींची नोंद विशेष असुरक्षित आदिवासी गटांत आहे : कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. परीक्षेत हे एक वाक्य असतं. इथं ते ओसरीवर बांबूच्या कामट्या काढत बसलेलं असतं आणि पोरींना पाहून जरा सरकून जागा करतं.

नऊ वाजता पोड रिकामं होतं. वेचणीचे दिवस आहेत. माणसं शेतातून परततात तेव्हा शेवटची गाडी फाट्यावरून गेलेली असते. गृहभेटीला जो काय वेळ मिळतो तो सकाळचाच, म्हणून पावणेसातची गाडी. हे वेळापत्रक कॉलेजनं लावलेलं नाही, कापसानं लावलंय.

[वरून दृश्य. अंगणात रांगोळीची रेघ.]

आज गावनकाशा काढायचा आहे. शाळेसमोरची जागा झाडून घेतली, रांगोळीनं रस्ता ओढला. घरासाठी खडा, विहिरीसाठी बांगडी, पऱ्हाटीच्या काड्या म्हणजे शेतं. बोरिंगच्या जागी पेनचं टोपण ठेवलं. पोरींनी सुरुवात केली खरी, पण दहा मिनिटांत नकाशा त्यांच्या हातात राहिला नाही. एका आजीनं ते टोपण उचललं आणि दीड हात पलीकडं नेऊन ठेवलं.

“बोरिंग तिकडं नाई वं पोरी, इकडं हाये. अन् होळीनंतर तिले पानी कुठी राह्यते?”

मग टोपणाशेजारी एक उलटी वाटी आली. उलटी वाटी म्हणजे पाणी नाही. ही खूण कुठल्याही पुस्तकात नाही. वाटीच्या पुढं, शेताच्या काड्यांमध्ये एक जुनी विहीर निघाली, ती पोरींच्या यादीत नव्हती. तिथवर जायची वाट कोणत्या बांधावरून, यावर दोन बायांचं चांगलंच वाजलं. वही घेऊन उभी असलेली मुलगी लिहायचं विसरली, ते कॅमेऱ्यात दिसतंच आहे.

समाजकार्याचं शिक्षण आपल्या देशात सुरू झालं १९३६ साली, मुंबईत, दोराबजी टाटांच्या नावाच्या संस्थेत. अभ्यासक्रमाचा सांगाडा अमेरिकेतून आला. केसवर्क, ग्रुपवर्क हे शब्द अजून तसेच तोंडात आहेत. मराठी पुस्तकात व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य असं छापलेलं असतं, पण या दोघींना केसवर्कच सोपं जातं. त्यांच्या पदवीवर मात्र नाव असेल संत गाडगे बाबांचं. अमरावतीचं विद्यापीठ त्यांच्या नावाचं. शाळेत न गेलेल्या माणसानं आधी खराटा हाती घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारायचे, ही पद्धत कुठल्या पेपरला बसवायची, कोण जाणे.

[हात. फक्त हात.]

या बाईंचा चेहरा आम्ही दाखवत नाही. तसं पोरींनीच बजावलं. गोपनीयता हे तत्त्व त्या पहिल्या वर्षी शिकल्या. हात दाखवायला बाईंची हरकत नव्हती. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी ओरबाडलेली बोटं, अंगठ्याच्या पेराला चिरा.

नवरा जाऊन दोन वर्षं झाली. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला हवा. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. त्याहून जास्त कमावणारं घर निराधार नाही. शिवाय नवऱ्याचा मृत्यू दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्ड, आधार, पासबुक. मृत्यू दाखल्यावर नवऱ्याचं नाव एक, आधारवर दुसरं, रेशनकार्डावर तर आजोबांचंच. एका मात्रेसाठी तीन चकरा. मुलीनं वहीच्या शेवटच्या पानावर कोणता कागद कुठं अडलाय याचा तक्ता केलाय. आम्ही पाहिलेलं तिचं सगळ्यात चांगलं अक्षर त्या पानावर आहे.

तहसीलच्या आत कॅमेरा नेऊ दिला नाही. त्यामुळे तुम्हाला दिसतंय ते बाहेरचं कडुनिंबाचं झाड, झेरॉक्सचं दुकान आणि चपला काढून बसलेल्या बाई. आत काय झालं ते पोरींच्या रिपोर्टमध्ये आहे.

[बँक मित्राचं, म्हणजे बँकेच्या प्रतिनिधीचं टेबल. बोटाचं यंत्र, लाल दिवा.]

“अंगठा नाई लागून रायला.”

आधार जुळल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत. उजवा अंगठा नाही, डावा नाही. मुलगी बाईंना बाहेर नेते, हात धुवायला लावते, पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढते, बोटं चोळते, पदरानं पुसायला सांगते. परत आत. मधलं बोट. लाल. अनामिका. हिरवा.

अर्ज पुढं मंजूर झाला.

शिक्षण संपल्यावर कुणी एमएसडब्ल्यूला, म्हणजे याच विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाला जातं, कुणी संस्थेत लागतं, बऱ्याच जणी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांकडं वळतात. काही ठिकाणी फील्डवर्क घरी बसून वहीतच उरकतात, असंही कानावर आलं. ते आम्ही चित्रित केलेलं नाही.

[परतीची गाडी. मावळती. वहीवर ऊन.]

रिपोर्ट आजच लिहायचा. तारीख, वेळ, उद्देश, निरीक्षण, विश्लेषण. गाडी खड्ड्यात गेली की ओळही खाली जाते. मागच्या आठवड्याच्या पानावर सरांनी लाल पेनानं लिहिलंय : “‘बाई खूप दुःखी होत्या’ – हे कशावरून?”

मुलगी ते वाक्य खोडते. जरा वेळ खिडकीबाहेर बघते. मग लिहिते : ‘बोलताना त्यांनी तीनदा चूल फुंकली. चूल पेटलेलीच होती.’