वीस मीटरांचं त्रैराशिक

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर माझ्या भाषणाचं नाव छापलंय, ‘वन्यजीव छायाचित्रणासाठी कॅमेरा आणि लेन्सची निवड’. नाव कार्यकारिणीनं ठरवलंय. माझ्यावर सोपवलं असतं तर मी ‘दुकानात जाण्यापूर्वी’ एवढंच ठेवलं असतं. पण मग एवढी गर्दी जमली नसती, हेही खरं. पुढच्या रांगांतले बरेच चेहरे ओळखीचे आहेत. त्यातल्या निम्म्या लोकांची खरेदी उरकलेली आहे, आणि ‘बरोबरच घेतलं ना आपण?’ एवढं ऐकायला ते आलेत. तर बरोबरच घेतलंत. आता निवांत बसा.

अॅपर्चर, शटर, आयएसओ यांत मी शिरत नाही, ते तुम्हाला येतं. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी हल्ली भेटेल त्याला सांगत सुटतो. घरात आता कुणी ऐकत नाही, म्हणून तुमच्याकडे आलो. लेन्स घेताना आपण विचारतो, ‘हिच्यातून प्राणी केवढा दिसेल?’ हा प्रश्नच सोडून द्या. ‘मी प्राण्यापासून किती लांब थांबणार आहे?’ असं विचारा. अंतर ठरलं की लेन्स ठरते, लेन्स ठरली की बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, ठरते. आपलं नेमकं उलटं चालतं. आधी बॉडी, मग तिच्याबरोबर खोक्यात येईल ती लेन्स, आणि अंतर? ते जिप्सीच्या ड्रायव्हरनं कमी करायचं!

शाळेतलं त्रैराशिक आठवतंय का? फार माना डोलवू नका, फळा इथेच आहे, बोलावीन एकेकाला. सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या चिपची, रुंदी भागिले फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा, गुणिले अंतर. जे उत्तर येतं तेवढ्या रुंदीचं जग तुमच्या फोटोत मावतं. फुल फ्रेम, म्हणजे मोठा सेन्सर, ३६ मिलिमीटर रुंद असतो. लेन्स ६०० मिलिमीटरची घेतली, तर दर १० मीटर अंतराला ६० सेंटिमीटर. झालं, एवढंच गणित. आता चांगला थोराड वाघ नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तीन मीटरच्या आसपास भरतो. तो आडवा उभा असताना ६०० च्या लेन्समध्ये पुरता मावायला किती अंतर हवं? पन्नास मीटर. ताडोबातल्या रस्त्यावर पन्नास मीटरवरून, मध्ये ना बांबू ना दुसरी जिप्सी, असा वाघ कितीदा दिसतो, ते तुम्हीच मला सांगा.

आता दुसरी बाजू बघा. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची पर्यटनाबाबतची मार्गदर्शक तत्त्वं २०१२ साली आली. त्यात कुठल्याही वन्यप्राण्यापासून २० मीटरपेक्षा जास्त अंतर राखायचं आणि प्राणी दिसत असताना दोन गाड्यांमध्ये ५० मीटर सोडायचे, असं लिहिलंय. म्हणजे आपल्या त्रैराशिकातला सगळ्यात अवघड आकडा सरकारनंच भरून दिलाय. २० मीटरवर फुल फ्रेमला ६०० ची लेन्स लावली तर चौकट १ मीटर २० सेंटिमीटर. वाघाचं तोंड आणि खांदा आला, बाकीचा वाघ बाहेर. ४०० ला १ मीटर ८०. ३०० ला २ मीटर ४०, इथे वाघीण सुखानं मावायला लागते. १०० ला सात मीटरच्या वर, म्हणजे वाघीण, तिच्यामागचा बांबू आणि रस्त्याचं वळण सगळंच. तेव्हा व्याघ्रप्रकल्पात फिरायचं असेल तर १००–४०० चा झूम ही नियमानं नेमून दिलेली लेन्स आहे. दुकानदार सांगतो म्हणून ती घेऊ नका, नियम सांगतो म्हणून घ्या.

इथे मला एका काकांची गोष्ट सांगायलाच हवी. सचिवांच्या चेहऱ्यावरून दिसतंय की त्यांनी ती ऐकली आहे. पुन्हा ऐका.

ताडोबाच्या मोहर्ली गेटवरून उन्हाळ्यातली सकाळची फेरी. जिप्सीत आम्ही अनोळखी लोक एकत्र आलेलो. हे काका निवृत्त अभियंता, माणूस अतिशय सज्जन, डब्यातल्या चकल्या सगळ्यांना वाटणारा. त्यांच्याकडे ६०० एफ ४ ची लेन्स (एफचा आकडा लहान तेवढा उजेड जास्त), जुन्या पिढीतली, एकटीच पाच किलोंच्या घरातली. आजच्या नव्या घ्यायला गेलात तर वजन तीन किलोंवर येतं आणि किंमत दहा लाखांच्या वर जाते. लेन्स बाहेर काढायची म्हणजे आम्ही आधी उठून उभं राहायचं, मग ती निघायची, मग आम्ही बसायचं. लहान लेन्स काकांनी आणलीच नव्हती. ‘मोठी आहे ना, मग छोटी कशाला?’ आणि सफारीत मोबाइल वापरायला बंदी, म्हणजे तीही पळवाट नाही.

पाणवठ्याच्या अलीकडे वाघीण दिसली. बसलेली, चांगली साठ-सत्तर मीटरवर. ६०० च्या लेन्सला यापेक्षा चांगलं अंतर मिळत नाही, आणि काका काय म्हणाले असतील? ‘दादा, थोडं पुढे घ्या.’ ड्रायव्हरनं ऐकल्या न ऐकल्यासारखं केलं. पुन्हा, ‘दादा, थोडं पुढे.’ तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा ड्रायव्हरनं मान वळवली आणि अगदी शांतपणे विचारलं, ‘सायेब, येवढी मोठी तोफ आणली तं मंग जवळ कायले जाता?’

मंडळी, या विषयावर मी आजवर जे काही बोललोय आणि आज बोलणार आहे ते सगळं या वाक्यात आहे. मोठी लेन्स म्हणजे लांब थांबण्यासाठी मोजलेले पैसे. ते मोजूनही जवळच जायचं असेल तर पैसे गेले कशात?

पुढे तर मजाच झाली. वाघीण स्वतःच उठली आणि रस्त्यानं आमच्याकडे चालत आली. वाघिणीला मार्गदर्शक तत्त्वं लागू नाहीत. ड्रायव्हर मागे घ्यायला लागला, तर मागे दुसऱ्या गाड्या. ती आली, सात-आठ मीटरवर थबकली आणि बाजूनं निघून गेली. काका मागे रेलताहेत, अजून मागे रेलताहेत, शेवटी माझ्या मांडीवर आले. सात मीटरवर त्या लेन्सची चौकट ४२ सेंटिमीटर. त्याहून थोडी जवळ आली असती तर फोकसच झाला नसता, कारण त्या लेन्सला किमान पाच मीटर लागतात. काकांना जो फोटो मिळाला त्यात एक कान आहे आणि मानेवरचे चार पट्टे. त्यांनी तो मोठा करून बैठकीत लावलाय. कुणी विचारलं तर ‘अॅब्स्ट्रॅक्ट’ म्हणून सांगतात.

हसलात, ठीक आहे. पण ‘थोडं पुढे घ्या’ हे नेहमी इतकं निरुपद्रवी राहत नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते तुम्ही पाहिलंय. एफ २ नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, आणि दोन्ही बाजूंनी जिप्स्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. कारवाई कुणावर होते? ड्रायव्हरवर आणि गाईडवर. त्यांची रोजीरोटी बंद. मागून ‘पुढे घ्या, पुढे घ्या’ म्हणणारे घरी येऊन फोटो एडिट करत बसतात. माझा राग आहे तो या मागच्या सीटवर. पुढच्या माणसाला बक्षिसीचं आमिष दाखवायचं आणि नंतर गर्दीबद्दल हळहळायचं, हे मला पटत नाही.

आता आपल्या घरच्या मैदानावर येऊ. नांदूरमध्यमेश्वर. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आपल्या जिल्ह्यात आहे, आणि आपण नाशिककर ताडोबाचं बुकिंग करत बसतो, असो. तिथल्या चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावरून त्रैराशिक एकदम पालटतं. हळदीकुंकू बदक साठेक सेंटिमीटरचं आणि तुमच्यापासून ऐंशी मीटरवर. निकॉन किंवा सोनीचा क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमहून लहान, सेन्सर साडेतेवीस मिलिमीटरचा, त्यावर ६०० ची लेन्स, तर चौकट तीन मीटरच्या वर. बदक चौकटीच्या पाचव्या हिश्शात. इथे ६०० सुद्धा अपुरी पडते. मग ८०० घ्या, १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे फोकल लेंग्थ वाढवणारी जोडभिंगं, लावा, असं चालू होतं. पण ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते, आणि त्या हवेतून कुठलीही लेन्स मऊ, धूसरच फोटो देते. लोक लेन्स दुरुस्तीला नेतात! लेन्सला काही झालेलं नसतं. नांदूरला पैसे घालून काही होत नाही, उजाडायला पोचावं लागतं. आणि ऐंशी मीटरवरच्या बदकाचा ‘बदक’ म्हणून फोटो काढण्यापेक्षा थव्याचा, पाणवनस्पतींचा, मागच्या धुक्याचा फोटो काढा. त्याला २०० पुरते.

याउलट भिगवण. उजनीच्या पाण्यात होडीतून जाताना तुम्ही पाण्याच्या जवळजवळ सपाटीला असता, ट्रायपॉड निरुपयोगी, होडी हलतेय, रोहित पक्षी चांगले सव्वा मीटर उंच. तिथे हातात धरता येईल अशी लेन्स हवी. कॅननची आरएफ १००–५०० ट्रायपॉडला जोडायची कॉलर काढल्यावर १३७० ग्रॅम भरते, निकॉनची जुनी ५०० एफ ५.६ पीएफ १४६० ग्रॅम. होडीत मी कुणाला यापेक्षा जड लेन्स सुचवणार नाही. जिप्सीत मात्र वजन पेलायला बीन बॅग, म्हणजे लेन्स टेकवायची भरलेली पिशवी, आहे. घरून रिकामी न्या आणि गेटजवळच्या किराणा दुकानात तांदूळ घेऊन भरा. परतताना तो तांदूळ तिथेच कुणाला तरी देऊन या. आमच्यातल्या एकानं घरी आणून त्याची खिचडी केली, जिप्सीतल्या धुळीसकट. आणि धूळ म्हटली की आणखी एक, चालत्या जिप्सीत लेन्स बदलू नका. एप्रिल-मेमधली ती धूळ सेन्सरवर बसली की प्रत्येक फोटोच्या आभाळात डाग.

हो, चिठ्ठी मिळाली. ‘पाच मिनिटे.’ आणि बॉडीबद्दल मी अजून एक शब्द बोललेलो नाही. लिहून घ्यायचं असेल तर पेन काढा, आता गाडी पळवतो.

क्रॉप की फुल फ्रेम? त्रैराशिकातच उत्तर आहे: क्रॉपवरची ४०० आणि फुल फ्रेमवरची ६०० जवळपास तेवढंच जग दाखवतात. फुल फ्रेम घेऊन नंतर क्रॉप मोड, म्हणजे सेन्सरचा मधलाच भाग, वापरू म्हणाल, तर २४ मेगापिक्सेलचे साडेदहा उरतात आणि ४५ चे एकोणीस-वीस. म्हणजे पक्ष्यांसाठी २४ ची फुल फ्रेम घेणं मला पैशाचा अपव्यय वाटतो. पहाटेच्या वाघासाठी, बिबट्यासाठी, कमी उजेडासाठी ती चांगली. एफ ४ आणि एफ ६.३ यांच्यात प्रकाशाचा फरक जवळपास अडीच पट आहे, पण पैशाचा फरक कितीतरी जास्त. आता नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी करणारी सॉफ्टवेअर इतकी सुधारली आहेत की ६४०० आयएसओला घाबरू नका. आधी एफ ६.३ चा झूम घ्या. सोनीची २००–६०० आहे, निकॉनची १८०–६०० आहे. सिग्मा, टॅमरॉनच्या १५०–६०० जुन्या बाजारात रग्गड मिळतात.

इलेक्ट्रॉनिक शटर, म्हणजे पडदा न हलवता फोटो: सेन्सर सावकाश वाचला जात असेल तर उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात. कॅननच्या आर ७ मध्ये हे होतं, त्यावर उपाय म्हणजे मेकॅनिकल शटर, तेही सेकंदाला १५ फोटो देतं, तक्रार कशाला? स्टॅक्ड, म्हणजे झटपट वाचल्या जाणाऱ्या, सेन्सरवाल्यांना हा त्रास फारसा नाही. निकॉननं तर २०२१ च्या झेड ९ मध्ये मेकॅनिकल शटरच काढून टाकलं. पण ती चैन आहे, खिसा बघून करा.

डोळा शोधणारा ऑटोफोकस नव्या बॉडीत उत्तम असतो. मात्र बांबूच्या काड्यांमागे वाघ असला की तो काडीवर जाऊन बसतो. एक बटण सिंगल पॉइंटला, म्हणजे एकाच ठिपक्यावर फोकस करायला, नेमून ठेवा. सफारीत मेन्यू उघडायला वेळ नसतो.

डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, अजून घ्यावा का? हो, जुना, स्वस्तात. निकॉनचा क्रॉप सेन्सरवाला डी ५०० आणि २००–५०० एफ ५.६ ही जोडी घ्या. २० मीटरवर २०० ला सव्वादोन मीटरच्या वर आणि ५०० ला ९४ सेंटिमीटर चौकट. म्हणजे नियमात राहून उभी वाघीणही घेता येते आणि नुसता चेहराही. वजन दोन्ही मिळून तीन किलोंच्या वर, तेवढं सोसा. पण निकॉनच्या फार जुन्या स्क्रू-ड्राइव्ह, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मोटरवर फोकस होणाऱ्या, लेन्स हाताशी असतील आणि पुढे मिररलेसवर जायचं असेल, तर त्या जोडायच्या एफटीझेड अॅडॅप्टरमध्ये मोटर नाही, त्या हातानं फोकस कराव्या लागतील.

जुनी लेन्स बघायची कशी, एवढंच शेवटचं. दोन्ही टोपणं काढा, अॅपर्चर पूर्ण उघडा, मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा आणि समोरून बघा. धुळीचे ठिपके चालतील, धुळीनं फोटो बिघडत नाही. कडेकडून आत येणारे, फांद्या फुटलेले पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी. विकणारा म्हणेल ‘पुसली की जाते’. कोकणातून आलेली लेन्स असेल तर दोनदा बघा, आणि घेतल्यावर आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात, कापडी पिशवीत ठेवू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरा.

आता चिठ्ठी नाही, सचिव स्वतःच उठून आलेत. थांबतो. ज्यांनी लेन्स बरोबर आणल्या आहेत त्यांनी चहाच्या टेबलाशी या, माझ्याकडे टॉर्च आहे. ‘कुठला कॅमेरा घेऊ?’ असं विचारणाऱ्यांनी आधी कुठे जाणार, काय बघणार आणि किती मीटरवर थांबणार, एवढं कागदावर लिहून आणावं.