पाळक आणि त्यांची मंडळी

रविवारच्या उपासनेत उपदेश करणाऱ्या पाळकांना मंडळी, म्हणजे त्या चर्चमधला भाविकांचा समुदाय, आदराने ‘पाळकसाहेब’ म्हणते. परंतु प्रॉटेस्टंट शिकवणीनुसार ते देव आणि भाविक यांच्यामधले मध्यस्थ नाहीत. प्रत्येक विश्वासणाऱ्याला देवाजवळ थेट जाता येते, हे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२० मध्ये ठामपणे मांडले. पाळक हा मंडळीतलाच एक जण ठरला. वचनाचा उपदेश, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी) यांची सेवा व माणसांची काळजी, यांसाठी दीक्षा देऊन नेमलेला.

महाराष्ट्रात हा विचार प्रत्यक्षात उतरायला वेळ लागला. अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आले. त्यांच्या काँग्रिगेशनल परंपरेत मंडळी आपला पाळक स्वतः निवडते. तरीही इथल्या मंडळ्यांची सूत्रे दीर्घकाळ मिशनऱ्यांच्याच हाती राहिली. म्हणूनच १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना मिळालेली पाळकपदाची दीक्षा ही फार मोलाची घटना आहे. मात्र वेतन मिशनकडून येत असेल, तर पाळकाने जबाब कोणाला द्यायचा, हा प्रश्न सुटत नव्हता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणले. या प्रश्नाला इतके धीट उत्तर दुसऱ्या कोणी क्वचितच दिले असेल.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा ख्रिस्ती संघ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली आणि या जुन्या काँग्रिगेशनल मंडळ्याही बिशपांच्या देखरेखीखाली आल्या. पाळक आता बदलीने येतात, तर मंडळीतली घराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच असतात. मंडळीने निवडलेल्या पास्टरेट कमिटीत जमाखर्चावरून किंवा चर्चच्या जागेवरून वाद उभा राहिला, की अध्यक्ष म्हणून पाळकाला निर्णयाकडे न्यावे लागते. शिवाय वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना त्यालाच प्रभुभोजन द्यायचे असते. मंडळीवर धनीपण न करता तिच्यापुढे कित्ता ठेवावा, ही बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातली सूचना अशा बैठकीत पाळणे सर्वांत अवघड जाते. त्यासाठी लागणारा विश्वास बैठकीबाहेरच, आजाऱ्यांच्या भेटीत, घरोघरच्या प्रार्थनेत आणि दफनविधीनंतर शोकाकुल कुटुंबाजवळ बसून मिळवावा लागतो, आणि बदली झाली की नव्या गावी ते काम पुन्हा सुरू होते.