सोमवारी ऑफिस असलेले दस्तूरजी

मंडळींनो,

गेल्या रविवारी घरी परतताना आमच्या नऊ वर्षांच्या कन्येने गाडीत विचारले, "बाबा, आपले गुरुजी आयपॅडमध्येच राहतात का?" प्रश्न वावगा नव्हता. गेल्या श्रावणात आमचा सत्यनारायण पुण्याच्या गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर सांगितला आणि ऐन आरतीच्या वेळी यजमान, म्हणजे मी, सोवळ्यात चार्जर शोधत जिना चढलो, हे तिने पाहिले आहे.

तिला तो प्रश्न त्याच दिवशी पडला, कारण आम्ही एका पारशी मित्राच्या मुलीच्या नवजोतीहून, म्हणजे धर्मदीक्षेच्या विधीहून, परतत होतो. लंडनच्या रेनर्स लेनचे झोरास्ट्रियन (पारशी धर्माचे) सेंटर ही पूर्वीच्या सिनेमागृहाची वास्तू आहे. तिथे पांढरा जामा आणि पगडी घातलेल्या दस्तूरजींनी, म्हणजे पारशी पुरोहितांनी, बहात्तर लोकरी धाग्यांची कस्ती, म्हणजे पवित्र कटिसूत्र, त्या मुलीच्या कमरेभोवती तीन वेढ्यांनी बांधली आणि शेवटी आशीर्वाद म्हणत तिच्यावर तांदूळ, डाळिंबाचे दाणे, खोबरे आणि गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. डाळिंबाचा एक दाणा तिच्या भुवईत अडकला. तो काढावा की नाही, या विवंचनेत ती बिचारी डोळे मिटूनच बसली.

जेवताना कळले, की दस्तूरजी सोमवारी सकाळी हिशेबनीस म्हणून कामावर रुजू होतात. या सेंटरची मूळ संस्था १८६१ साली लंडनमध्ये स्थापन झाली. पुरोहित घराण्यात जन्मलेले दादाभाई नौरोजी तिच्या संस्थापकांपैकी एक. इतकी जुनी मुळे असूनही येथे केवळ पौरोहित्यावर या गृहस्थांचे घर चालत नाही. नवजोत रविवारी ठेवता येते, मरण मात्र वार पाहून येत नाही, असे ते हसत म्हणाले. अंत्यविधी, तिसऱ्या दिवशीचे उठमणे, चौथ्या दिवशीची पहाटेची प्रार्थना, या सगळ्यांसाठी उभे राहायचे, आणि ऑफिसात रजा मिळते ती घरच्या माणसाच्या मृत्यूसाठी. यांना ती परक्यांसाठी मागावी लागते. त्यातून गेह-सारनाला, म्हणजे अंत्यविधीत मृतदेहाजवळ म्हणायच्या प्रार्थनांना, परंपरेने दस्तूरांची जोडी लागते.

पौरोहित्याचा हा अधिकार अथोर्नान, म्हणजे पुरोहित, घराण्यांत बापाकडून मुलाकडे येतो. मुलाने लहानपणी प्रार्थना मुखोद्गत करायच्या, 'नावर' व्हायचे, म्हणजे पौरोहित्याची पहिली दीक्षा घ्यायची, आणि मग परदेशी बिऱ्हाडात ते पाठांतर टिकवायचे. उत्तर अमेरिकेतील मोबेदांची (पारशी पुरोहितांची) परिषद घराण्याबाहेरच्या लोकांनाही 'मोबेदयार' म्हणून ठरावीक विधींपुरते तयार करते. त्यावर समाजात मतभेद आहेत. असू देत. निदान ते या गोष्टीवर भांडतात. आपल्या मंडळाच्या गेल्या कार्यकारिणीची दीड तासाची बैठक बटाटेवड्याच्या आकारावर संपली, आणि तो मुद्दा मीच काढला होता.

मुलीला मी अजून उत्तर दिलेले नाही. तिने त्या दुपारी घाम पुसणारा, तिच्याशी मोडक्यातोडक्या मराठीत बोलणारा पुरोहित हाताच्या अंतरावर पाहिला, एवढे खरे.

दस्तूरजींच्या मुलाने शाळेच्या सुट्टीत मुंबईला जाऊन नावर केले आहे. आता तो विद्यापीठात शिकतो. आम्ही निघत असताना त्यांचा फोन वाजला. पारशी मेजवानीतले गोड लगन नु कस्टर्ड अर्धे ताटात ठेवून ते कोपऱ्यात गेले आणि हळू आवाजात पत्ता लिहून घेऊ लागले. मुलगा गाडीची किल्ली घेऊन शेजारी येऊन उभा राहिला. तो वडिलांना नुसता पोहोचवायला निघाला होता की जोडीला उभा राहायला, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.