ताण्यातला दोष

नमस्कार श्रोतेहो.

परवा आमच्या चर्चमध्ये एका बाळाचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे पाण्यानं ख्रिस्ती मंडळीत सामील करून घ्यायचा विधी. घरच्यांनी गल्लीतल्या मावशींनाही बोलावलं होतं. मावशींची सगळी हयात यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेली. प्रार्थनेत ‘पाप’ हा शब्द त्यांनी ऐकला आणि बाहेर पडल्या पडल्या मला गाठलं. "गुरुजी, एवढंसं लेकरू. अजून दात नाहीत आले. त्यानं कुठलं पाप केलंय ओ?"

त्यांनी विचारलं ते मोठमोठ्या पंडितांनीही विचारलेलं आहे. पहिल्या माणसांच्या पापाचा डाग जन्मतःच सगळ्यांना लागतो, या ख्रिस्ती शिकवणीला मूळ पाप किंवा आदिपाप म्हणतात. त्याची सगळी अडचण मावशींच्या त्या एका वाक्यात आहे.

गोष्ट बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातली. एदेन बागेतल्या एका झाडाचं फळ खाऊ नका, असं देवानं सांगितलेलं असतं. सर्पाच्या बोलण्याला भुलून हव्वा ते खाते, आदामाला देते, तोही खातो. ते सफरचंद होतं असं कुठंही लिहिलेलं नाही बरं का. ते चित्रकारांनी रूढ केलं. मला या गोष्टीत फळापेक्षा पुढचा भाग जास्त बोलका वाटतो. देव विचारतो तेव्हा आदाम म्हणतो, तू दिलेल्या या बाईनं मला दिलं. बाई म्हणते, सर्पानं भुलवलं. ‘माझं चुकलं’ एवढं मात्र दोघांच्याही तोंडून निघत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही घरात, कुठल्याही कचेरीत हा संवाद आजही ऐकू येईल.

मग परिणाम येतात. बाळंतपणाच्या वेणा, जमिनीत काटे-कुसळं, निढळाच्या घामाची भाकरी, आणि शेवटी मातीची माती.

पण ते त्या दोघांचं झालं. लेकराचं काय? येशूचा प्रेषित पौल यानं रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय की एका माणसामुळे पाप जगात आलं, पापामुळे मरण आलं, आणि सर्वांनी पाप केल्यामुळे ते सर्वांपर्यंत पोचलं. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (इ.स. 354 ते 430) हे वाचत होता लॅटिनमध्ये. तिथं अर्थ निघाला, ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केलं’. म्हणजे आदामाच्या पोटात आपण सगळे होतोच! मूळ ग्रीकाचा रोख ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असा आहे, आणि आपलं मराठी शास्त्र, म्हणजे बायबलही तसंच म्हणतं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळींनी अपराध वारशानं येतो हे मानलंच नाही. येतं ते मर्त्यपण, म्हणाले.

ऑगस्टीनच्या विरोधात पेलेजियस नावाचा एक ख्रिस्ती तपस्वी उभा होता. माणसानं मनावर घेतलं तर तो निष्पाप जगू शकतो, असं त्याचं म्हणणं. इ.स. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेनं ते फेटाळलं. ऑगस्टीनला आपला पोरवयातला एक उद्योग आठवत होता. मित्रांबरोबर त्यानं शेजारची नासपती चोरली, भूक नसताना, आणि डुकरांपुढं टाकली. चोरण्यातच गोडी होती. ही गोडी कुणी शिकवली, हा त्याचा प्रश्न. लहानपणी चिंचा पाडलेल्या कुणालाही तो कळेल.

आमचे मुस्लिम शेजारी म्हणतील, आदमनं तोबा केली, अल्लानं माफ केलं, विषय संपला. ज्यू धर्मातही हा सिद्धांत अशा रूपात नाही. आणि पवित्र शास्त्रातच यहेज्केल संदेष्टा एका म्हणीवर चिडतो: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. ही म्हण बंद करा, तो म्हणतो. ज्याचं पाप त्याच्या माथी. द्राक्षाच्या या जिल्ह्यात हे वेगळं समजावून सांगायला नको.

मागावर उभे धागे म्हणजे ताणा, तो बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर गुंडाळलेला असतो; आडवे धागे म्हणजे बाणा. मी मावशींना म्हटलं, "मावशी, बाण्याचा एखादा धागा चुकला तर काय करता?"

"उसवायचा, परत घालायचा."

"आणि ताण्यात चुकीच्या रंगाचा धागा भरला गेला तर?"

"मग काय, बीम संपेपर्यंत प्रत्येक चादरीत ती रेघ येणार."

"त्यात चादरीची चूक किती?"

त्या हसल्या. माझ्या मते आदिपापाचा नेमका अर्थ एवढाच: लेकरावर आरोप नाही, पण रेघ आहे. ती पाटलाच्या पोरात आहे, पाळकाच्या पोरातही आहे. जन्मानं कुणी सोवळा नाही. 1546 मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक सभेनं सांगितलं की बाप्तिस्म्यानं दोष धुतला जातो, पापाकडची ओढ मात्र उरते. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांचं काय, यावर शतकानुशतकं कठोर बोललं गेलं, आयांना रडवलं गेलं. ते मला कधीच पटलं नाही. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगानंही अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला आधार आहे, असं म्हटलं.

निघताना मावशींनी विचारलं, "मग त्या दोघांना देवानं तसंच हाकललं?"

म्हटलं, नाही. त्यांनी अंजिराची पानं शिवून कसंबसं अंग झाकलं होतं. बागेबाहेर घालवण्याआधी देवानं स्वतः त्यांच्यासाठी चामड्याची वस्त्रं केली आणि त्यांना घातली.

मावशी क्षणभर थांबल्या. "पानं किती टिकणार ओ," म्हणाल्या आणि पदर सावरत रिक्षाकडं गेल्या.