खेळाच्या पटावर आपत्तीची तालीम

श्रोतेहो, नमस्कार.

एक प्रश्न विचारून सुरुवात करतो. मोठा भूकंप होऊन गेला आहे, निवारा केंद्रात 3000 माणसे आश्रयाला आली आहेत आणि तुमच्या हाती 2000 जणांपुरतेच जेवण पोहोचले आहे. पुढची गाडी केव्हा येईल, याचा काहीच पत्ता नाही. आलेले जेवण तुम्ही लगेच वाटायला घ्याल का? उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच द्यायचे आहे, आणि त्यासाठी मी क्षणभर थांबतो.

जपानमधील कोबे शहराच्या परिसरात 17 जानेवारी 1995 रोजी पहाटे झालेल्या भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. त्या दिवसांत मदतकार्याला जुंपलेल्या महापालिका कर्मचाऱ्यांच्या मुलाखती पुढे काही संशोधकांनी घेतल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या पेचांवरून ‘क्रॉसरोड’ नावाचा पत्त्यांचा खेळ तयार केला. मघाचा प्रश्न त्याच खेळातला आहे. प्रश्न वाचून झाला, की प्रत्येकाने आपले उत्तर उपडे ठेवायचे आणि सर्वांनी एकदम उलटायचे. ज्या बाजूला जास्त माणसे असतील, त्यांना बक्षीस म्हणून एक निळे आसन मिळते, अर्थात खेळण्यातले. मात्र एकच माणूस वेगळ्या उत्तराचा निघाला, तर बाकीच्यांना काहीही मिळत नाही आणि त्या एकट्याला सोनेरी आसन मिळते.

माझ्या मते या खेळातली खरी हुशारी या शेवटच्या नियमात आहे. एरवी कोणत्याही बैठकीत वेगळे मत असलेला माणूस चारचौघांकडे पाहून गप्प बसतो. इथे त्याने बोलावे, अशी सोयच करून ठेवली आहे. आणि एकदा बोलणे सुरू झाले, की कोणी म्हणते, लहान मुले आणि वृद्धांना आधी द्या. कोणी म्हणते, उपाशी राहिलेल्यांसमोर बाकीच्यांनी जेवणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. तेवढ्यात कोणीतरी विचारते, की लोकांनी घरून आणलेले खाणे किती आहे, हे मोजले का? ते मोजलेले नसते. उत्तर ‘हो’ येवो वा ‘नाही’, निवाऱ्यात आल्याबरोबर काय काय मोजायला हवे, हे त्या मंडळींना त्या क्षणी उमगते. हेच वाक्य माहितीपत्रकात छापले असते, तर ते वाचून घडी घालून ठेवले गेले असते.

आपत्तीच्या तयारीसाठी खेळ वापरायचा, म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सापशिडीच्या धर्तीवरचा पट येतो: झाडे लावली म्हणून शिडी चढा, नदीपात्रात घर बांधले म्हणून सापाच्या तोंडी जा. असे पट रंगीत असतात, मुलांना आवडतात, त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण सापशिडीत खेळणारा काहीच ठरवत नाही, सगळे फासा ठरवतो. तयारीचे दान आपोआप पडते आणि बेफिकिरीचेही आपोआपच पडते, म्हणजे जी समजूत घालवायची, तीच, की संकट नशिबात असेल तर येणार, खेळता खेळता पक्की होते. निवड करायला लावणारा खेळ हवा, आणि निवडीची किंमत मोजायला लावणारा हवा.

फासे वापरूनही ते साधता येते. रेडक्रॉस आणि रेड क्रेसेंटच्या हवामान केंद्राने अनेक देशांत खेळवलेल्या एका खेळाचा गाभा साधारण असा आहे. प्रत्येक गटाला मूठभर बिया दिल्या जातात, हेच त्यांचे भांडवल. हंगाम सुरू होण्याआधी पुराच्या तयारीवर एक बी खर्च करायची की नाही, हे गटाने ठरवायचे. मग पावसाचे दोन फासे पडतात. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त आली, तर पूर, आणि तयारी नसलेल्याच्या चार बिया जातात. आता हिशेब पाहा. दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी फक्त 6 शक्यतांत पूर येतो. एवढ्यासाठी दरवेळी बी खर्च करणे चतुर गटाला महाग वाटते, आणि आकड्यांच्या हिशेबाने ते चूकही नसते. मात्र एक फासा आधी दाखवला, म्हणजेच हवामानाचा अंदाज दिला, तर चित्र बदलते: त्या फाशावर सहा असतील, तर पुराची शक्यता वाढून दोनांत एक इतकी होते, तीन किंवा कमी असतील, तर पूर येऊच शकत नाही. अंदाज म्हणजे भविष्यवाणी नव्हे, आणि तरीही त्यावर पैसा खर्च करण्यात शहाणपण असते, हे व्याख्यानातून पटवून देणे किती कठीण आहे, ते या क्षेत्रात काम करणाऱ्यांना विचारावे. पुढे एक साधा फासा काढून त्याजागी आठ बाजूंचा फासा ठेवला, की पुराची शक्यता एक षष्ठांशावरून जवळपास एक तृतीयांशापर्यंत चढते. नियम तेच आणि खेळणारेही तेच असतात, पण जुन्या अनुभवावर विसंबलेला गट दोन-तीन पुरांत रिकामा होतो. बदलत्या हवामानाविषयी याहून जास्त समजावण्याची तिथे गरज उरत नाही.

निवारा केंद्र चालवण्याचा एक खेळ जपानच्या शिझुओका प्रांताने 2007 मध्ये तयार केला. टेबलावर शाळेचा नकाशा पसरलेला असतो आणि एक जण भराभर पत्ते वाचत जातो. प्रत्येक पत्ता म्हणजे एक माणूस: अंथरुणाला खिळलेले आजोबा, तान्हे मूल घेतलेली आई, पाळीव कुत्र्याला सोडून आत यायला तयार नसलेला कोणी. कोणाला कुठे जागा द्यायची, हे ठरेपर्यंत पुढचा पत्ता हातात असतो. मधेच बातमी येते, की शौचालये तुंबली आहेत. पहिल्या वीस पत्त्यांत दाराजवळची जागा भरून टाकलेल्या गटाला चाकाच्या खुर्चीतून आलेल्या बाईंसाठी वाटच उरत नाही, आणि मग आधी ये-जा करण्याचे रस्ते आखून ठेवायला हवे होते, हे सगळे जण एकदमच बोलतात.

काही गोष्टी मात्र टेबलावर बसून शिकता येत नाहीत. कोबेच्या भूकंपात ढिगाऱ्यातून वाचलेल्या बहुतांश माणसांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले होते. त्याच शहरात 2005 पासून मुलांसाठी एक जत्रा भरते. मुले जुनी खेळणी घेऊन येतात आणि गुण मिळवून दुसऱ्यांची खेळणी घेतात. जास्त गुण हवे असतील, तर मोटारीच्या जॅकने जड वस्तू उचलून खालचा बाहुला सोडवायचा, चादरीची झोळी करून जखमीला न्यायचे, बादल्यांची साखळी धरायची. अग्निशामक नळकांड्याने नेम धरण्याचा खेळही असतो. लहान नळकांडे साधारण 15 सेकंदांत रिकामे होते, त्यामुळे पिन काढायला चाचपडलो किंवा फवारा ज्वाळांच्या बुडाऐवजी शेंड्यावर मारला, तर हाती काही उरत नाही. हे बोटांना एकदा कळले, की पुन्हा सांगावे लागत नाही.

संगणकावरचे खेळही आहेत; संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती निवारण यंत्रणेने 2007 मध्ये आणलेल्या एका खेळात ठरावीक पैसा आणि ठरावीक वेळ हाताशी धरून वस्ती सुरक्षित करायची असते. ते उपयुक्त आहेत, पण एकट्याने खेळले जातात, आणि आपत्तीत ज्यांच्याबरोबर निर्णय घ्यायचे, ती माणसे समोर नसतात.

आपल्या वस्तीत असा खेळ घ्यायचा असेल, तर वेळेची वाटणी नीट करावी. खेळाला एक तास दिला, तर त्यानंतरच्या चर्चेलाही तेवढाच वेळ हवा. बहुतेक ठिकाणी ही चर्चाच आटोपती घेतली जाते आणि लोक हसतखेळत घरी जातात, एवढेच होते. चर्चेत निघालेली प्रत्येक त्रुटी कोणाच्या तरी नावावर लिहावी: किल्ली कोणाकडे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी कोण करणार. खेळायला फक्त उत्साही तरुण नकोत. जे घराबाहेर क्वचितच जातात, त्यांचे पत्ते दुसऱ्या कोणी खेळू नयेत.

आणि ज्या वस्तीने अलीकडेच आपली माणसे गमावली आहेत, तिथे तीच आपत्ती पटावर मांडू नये. वस्ती काल्पनिक असावी, संकट वेगळे असावे, आणि कोणाला मधूनच उठून जावेसे वाटले, तर कारण न विचारता त्यांना जाऊ द्यावे, असे खेळ सुरू होण्याआधीच सर्वांना सांगावे. नमस्कार.