अठरावा हिस्सा

(दृश्य: मे महिन्यातली पहाट, प्रतापनगर. खिडकीत लोखंडी कूलर, अजून बंद. आतल्या खोलीत काचेचं कपाट.)

सकाळचे सहा वाजलेत आणि भिंतीला हात लावला तर ती आत्ताच कोमट लागते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू झाला की नागपूरकर आपली कामं दहाच्या आत उरकतात. माझे मामाही उरकतात. त्यांचं काम म्हणजे हे कपाट. कूलर सुरू व्हायच्या आधी ते उघडायचं, आतल्या छोट्या मॉडेल गाड्या एकेक करून पुसायच्या, आणि घरात ओलावा शिरायच्या आत पुन्हा बंद करायचं.

कपाटात ६२ गाड्या आहेत. बहुतेक स्पोर्ट्स कार. यातली एकही खरी गाडी मामांनी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही.

(दृश्य: मामांच्या दोन्ही तळहातांवर चंदेरी मर्सिडीज ३०० एसएल. पांढरे सुती हातमोजे.)

ही मर्सिडीज ३०० एसएल. खरी गाडी १९५४ साली लोकांसमोर आली. लांबी ४ मीटर ५२ सेंटिमीटर. त्याला १८ने भागलं की २५ सेंटिमीटर येतात, तेवढी ही आहे. छंदवाले या मापाला एकास अठरा म्हणतात. लहानपणी मला या गाडीचं एकच वेड होतं. दारं पंख पसरल्यासारखी वर उघडायची. मला वाटायचं, शोभेसाठी केली असतील.

एके दिवशी मामांनी दार उघडून गाडी माझ्या डोळ्यांसमोर धरली. म्हणाले, "पाह्य बाबू. दाराखालची ही भिंत किती उंच आहे? काऊन?"

मला सांगता आलं नाही. त्यांनी सांगितलं. या गाडीला नेहमीची चेसी नाही. बारीक नळ्या त्रिकोणात जोडून केलेला सांगाडा आहे, हलका आणि ताठ. तो ताठ राहावा म्हणून दोन्ही बाजूंना तो उंच ठेवावा लागला. साधं दार बसवायचं तर सांगाडाच कापावा लागला असता. म्हणून बिजागरी छतावर गेली. मग त्यांनी बॉनेट उघडलं. सहा सिलिंडरचं इंजिन एका बाजूला कलंडलेलं. उभं बसवलं असतं तर बॉनेट इतकं खाली आलंच नसतं. स्टिअरिंगही खाली वळतं, कारण त्या उंच भिंतीवरून आत शिरताना मांडी अडते.

ही सगळी कारणं २५ सेंटिमीटरच्या मॉडेलमध्ये दिसतात, बोटाने उघडून पाहता येतात. मला मॉडेलचा नाद लागला तो त्या दिवशी.

(दृश्य: हिंगणा रस्ता, कारखान्यांच्या शेड. मामांच्या जुन्या डबा-पिशवीवर कॅमेरा थांबतो.)

मामा ३१ वर्षं हिंगणा एमआयडीसीत होते. प्रेशर डाय-कास्टिंगच्या कारखान्यात, टूलरूममध्ये डाय फिटर. कुलपांचे सांगाडे, कार्बोरेटरचे भाग असं काम. वितळलेलं जस्त पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबाने शिरतं, क्षणात थिजतं, पिना त्याला बाहेर ढकलतात. ही धातूची मॉडेल्सही याच रीतीने होतात. मिश्रधातूही तोच, झामॅक. जर्मन नावांची आद्याक्षरं आहेत ती: झिंक, अल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि कुप्फर म्हणजे तांबं. १९२९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने तो तयार केला. त्यामुळे मामा मॉडेल हातात घेतात तेव्हा आधी गाडी बघत नाहीत, डाय बघतात. पार्टिंग लाईन, म्हणजे डायचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, कुठे लपवली, पिनचा ठसा कुठे राहिला, कोपऱ्यात धातू नीट भरला का. इतवारीतल्या सराफ्यातून आणलेलं सोनाराचं भिंग त्यांच्या खिशात कायम असतं.

(दृश्य: भिंगातून दाराची फट.)

खऱ्या गाडीच्या दाराभोवती साधारण ४ मिलिमीटरची फट असते. अठराव्या हिश्श्यात ती ०.२२ मिलिमीटर व्हायला हवी. म्हणजे माणसाचे तीन केस शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी रुंदी होईल, तेवढी. रंगाचं त्याहून अवघड. गाडीवरच्या रंगाचे थर मिळून सुमारे ०.१ मिलिमीटर भरतात. तो अठराने भागला तर उरतो इतका पातळ थर, की खालचा धातू झाकलाच जाणार नाही. म्हणून मॉडेलवर रंग प्रमाणापेक्षा जाडच बसतो, आणि जाड रंगाखाली कडा बोथट होतात. मेटॅलिक रंगातले चमकीचे कण तर लहान करताच येत नाहीत. स्वस्त मॉडेल उन्हात धरलं की ते कण वाळूसारखे दिसतात.

मामांचं एक वाक्य मी या फिल्मसाठी वहीत पहिल्यांदा लिहून घेतलं: "गाडी लहान करता येते. चूक लहान होत नाही."

त्याचं उदाहरण दुसऱ्या खणात आहे. लाल फेरारी एफ ४०. कंपनीला ४० वर्षं झाली तेव्हा, १९८७ साली आलेली. वजन वाचवायला खऱ्या गाडीवर रंग इतका पातळ दिला होता की खालच्या कार्बन फायबरची वीण त्यातून दिसायची. मामांच्या या मॉडेलवर ती वीण छापलेली आहे, आणि प्रमाणापेक्षा मोठी छापलेली आहे, म्हणजे ती पाहणाऱ्याला दिसावी. मामांना ते खुपतं. मला मान्य आहे, पण मी ती गाडी तरी ठेवली असती. तिच्या मागच्या खिडकीतल्या आडव्या खाचा ज्याने कापल्या, त्याने मन लावून कापल्यात.

(दृश्य: तीन मापांच्या गाड्या एका ओळीत.)

एकास त्रेचाळीस हे माप विचित्र वाटतं. ते आगगाडीकडून आलंय. ब्रिटनमध्ये ओ गेजच्या खेळण्यातल्या रेल्वेत एका फुटाला ७ मिलिमीटर धरत, म्हणजे साधारण एकास साडेत्रेचाळीस. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३०च्या दशकात त्या रेल्वेच्या स्टेशनाबाहेर उभ्या करायला गाड्या काढल्या. त्याच पुढे डिंकी टॉइज म्हणून नावारूपाला आल्या. एकास चौसष्ट म्हणजे आपल्या खिशात मावणारी, १९६८च्या हॉट व्हील्सपासून घराघरात गेलेली.

आणि कारागिरीच्या वरच्या टोकाला जर्मनीच्या सीएमसीसारख्या कंपन्या. त्यांच्या काही मॉडेल्समध्ये हजाराहून जास्त सुटे भाग, हाताने जोडलेले. आऱ्यांच्या चाकातली प्रत्येक तार वेगळी, सीटला खरं चामडं. मामांकडे असं एकच आहे. सेवानिवृत्तीच्या पैशातून घेतलं, आणि मामींना विचारून घेतलं.

अलीकडे रेझिनची, म्हणजे ओतल्यावर कडक होणाऱ्या प्लॅस्टिकची, मॉडेल्स बरीच येतात. पोलादी डायला पैसा फार लागतो, त्यामुळे हजारोंच्या संख्येने मॉडेल काढावी लागतात. रेझिन सिलिकॉनच्या साच्यात ओततात. साचा स्वस्त, पण थोड्या ओतकामांत झिजतो. म्हणून शे-पाचशेच काढायच्या, दारं-बॉनेट बंदच. कडा मात्र फार सुरेख येतात. मामा म्हणतात, जी उघडत नाही तिच्याकडून शिकायचं काय?

(दृश्य: पुठ्ठ्याचा डबा. आत कापसावर तडे गेलेली गाडी.)

ही गाडी ते सहसा दाखवत नाहीत. आधी बॉनेटवर पुरळासारखे फुगवटे आले. वर्षभरात दार अडकायला लागलं. मग छताला तडा. संग्राहक याला झिंक पेस्ट म्हणतात, जस्ताची कीड. कीडबीड काही नसते. जस्तात शिसं राहून गेलेलं असतं. त्याची मर्यादा ०.००५ टक्के, इतकी कडक आहे. त्याच्या वर गेलं की शिसं धातूच्या कणांच्या सीमांवर जमतं, ओलावा तिथून आत शिरतो, धातू गंजत फुगतो आणि आतून फुटतो. यावर औषध नाही. मामांच्या कारखान्यात भट्टीवर हेच सांभाळलं जायचं, ३१ वर्षं त्यांनी ते पाहिलं होतं. शिशाचा तुकडा चुकून जरी जस्तात पडला तरी अख्खी भट्टी रिकामी करायची. कुणीतरी कुठेतरी तेवढं केलं नाही. त्या डब्याचं झाकण लावताना मामा काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

ओलावा कमी ठेवणं एवढंच हातात असतं. पुण्या-मुंबईच्या संग्राहकाला पावसाळा सांभाळावा लागतो. नागपुरात उन्हाळासुद्धा, कारण कूलर म्हणजे घरात सोडलेली ओली हवा. खस भिजली की खोली गार होते आणि भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा मऊ पडतं. म्हणून कपाटाच्या दाराला रबरी पट्टी आहे, आत सिलिका जेलच्या पुड्या आहेत, आणि आर्द्रता दाखवणारं काट्याचं छोटं घड्याळ. प्रत्येक गाडीच्या पोटाखाली लाकडाचे दोन ठोकळे आहेत, चाकं अधांतरी राहतात. उन्हाळ्यात टायरमधलं तेलकट द्रव्य पाझरतं आणि ज्यावर टायर टेकलाय ते प्लॅस्टिक खातं. हे ठोकळे नागपूरच्या महाल भागातल्या एका सुताराच्या कातरणातले.

(दृश्य: सर्वांत वरचा खण. चार चाकांवरचा लाकडी बैल, रंग उडालेला.)

त्याच सुताराच्या वडिलांनी हा बैल केला होता. मामा पाच वर्षांचे असतानाचा. तान्हा पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून ओढत नेतात, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळतो. मामांना आठवतं, स्पर्धेत एक म्हातारे शेतकरी परीक्षक होते. त्यांनी झूल उचलून बाजूला ठेवली, बाशिंग काढलं, आणि नुसत्या लाकडावर हात फिरवला. वशिंड, खांदा, गुडघे. खरा बैल बाजारात पारखतात तसं. मग म्हणाले, मागचा पाय चुकला आहे, हा बैल बसेल, उठणार नाही.

मामांना बक्षीस मिळालं नाही. बैल त्यांनी ६० वर्षं ठेवलाय.

(दृश्य: मामा मऊ ब्रशने शेवटची गाडी पुसतात. ठोकळ्यांवर ठेवतात. दार लावतात.)

पावणेदहा झाले. मामी स्वयंपाकघरातून विचारतात, "झालं का हो तुमचं? जीव उकडून राहिला."

मामा वाकून काचेतून काटा बघतात. ३४.

"झालं," म्हणतात, आणि कूलरचा पंप सुरू करतात.